रुग्णालयाच्या दारातील हिंसा : कारणे, कायदा व उपाय

रुग्ण दगावला म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरला मारहाण केली, अपघात विभागाच्या काचा फोडल्या, परिचारिकेला धक्काबुक्की केली, अशा स्वरूपाचे वृत्त वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. ते वाचून काहींना वाटते की डॉक्टरने हयगय केलीच असणार. काहींना वाटते की लोकांना आता धरबंध उरला नाही. दोन्ही मते सोयीची आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. प्रस्तुत लेखकाने सरकारी आरोग्यसेवेत बरीच वर्षे काढली आहेत, एकदा मारही खाल्ला आहे. त्या अनुभवावरून त्याचे असे मत बनले आहे की, नातेवाइकाला डोळ्यांनी जे दिसते आणि डॉक्टरला जे ठाऊक असते, या दोहोंमध्ये जे अंतर पडते, त्या अंतरातच मारहाणीचे बहुतेक प्रसंग घडतात. हे अंतर कसे पडते, ते कसे कमी करता येईल आणि ते कमी न झाल्यास कायदा काय सांगतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही गोष्ट आजकालची नाही. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयात रोग्यांना बळाने नेण्यात येऊ लागले. आत गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. प्लेगवर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते आणि रोगी उशिरा आणला जात असे, हे त्यामागचे कारण. पण बाहेरच्यांना दिसे ते एवढेच की, चालता-बोलता माणूस आत गेला आणि प्रेत बाहेर आले. आत माणसे मारून त्यांच्या अंगातून औषधी तेल काढतात, अशी आवई उठली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. पुढल्याच वर्षी, म्हणजे १८९७ साली, साथरोग अधिनियम आला. त्याने सरकारला लोकांवर सक्ती करण्याचे अधिकार दिले. शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणाचे कलम त्यात पडावयास १२३ वर्षे लागली.

ते कलम आले २०२० साली, करोनाच्या साथीत. त्याला निमित्त झालेल्या घटनांपैकी एक इंदूरची होती. १ एप्रिल २०२० रोजी तेथील टाटपट्टी बाखल या वस्तीत बाधितांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेण्यास गेलेल्या आरोग्य पथकावर दगडफेक झाली व दोन स्त्री डॉक्टर जखमी झाल्या. येथेही मूळ कारण तेच होते. अंगभर झगे घालून आलेली अनोळखी माणसे आपल्या घरच्यांना उचलून नेणार, एवढेच वस्तीला दिसत होते. त्या डॉक्टर नंतर पुन्हा त्याच वस्तीत कामावर गेल्या. शंभराहून अधिक वर्षांत औषधे बदलली; दाराबाहेरच्या माणसाची भीती मात्र फारशी बदललेली दिसत नाही.

दिसणे आणि असणे

साथीचे दिवस सोडून आता रोजच्या प्रसंगांकडे वळू. खेड्यापाड्यांतील रुग्णालयांत विषबाधेचे रोगी नित्य येतात. काजूच्या बागेत किंवा भाजीच्या मळ्यात फवारणीसाठी आणलेले कीटकनाशक कोणी चुकून पितो, कोणी रागाच्या भरात पितो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाचा रोगी आणला जातो तेव्हा तो घामाने निथळत असतो, तोंडातून लाळ गळत असते, छातीत घरघर असते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात. फुप्फुसांत स्राव साचून तो एक प्रकारे आतल्या आत बुडत असतो. त्यावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन दर काही मिनिटांनी, मात्रा वाढवीत द्यावे लागते. छाती मोकळी होईपर्यंत हात आखडता घेता येत नाही. हे औषध लागू पडले की तोंड कोरडे पडते, नाडी धावू लागते, चेहरा लाल होतो; मात्रा थोडी अधिक झाली तर रोगी बरळू लागतो, कपडे ओढतो, हवेत काहीतरी वेचल्यासारखे हात करतो. डॉक्टरच्या दृष्टीने फुप्फुसे सुटली, ही समाधानाची बाब असते आणि बरळणे हे मात्रा कमी करून आवरण्याजोगे असते. नातेवाइकांना काय दिसते? आणला तेव्हा निपचित पडलेला आपला माणूस सुया टोचून टोचून वेडा केला.

याहून बिकट प्रसंग पुढे असतो. पहिला दिवस निभावतो, रोगी शुद्धीवर येतो, चहा मागतो. मग साधारण चोवीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान काही रोग्यांच्या स्नायूंतील शक्ती अकस्मात जाते. प्रथम उशीवरून मान उचलत नाही, मग श्वासाचे स्नायू थकतात. वेळेवर कृत्रिम श्वसनयंत्र मिळाले तर पुष्कळसे रोगी वाचतात, न मिळाले तर तासाभरात सारे संपते. विषाचाच हा दुसरा टप्पा आहे आणि वैद्यकाला तो ठाऊक आहे. घरच्यांना मात्र कालपर्यंत बोलणारा माणूस आज रुग्णालयाने मारला, असेच वाटते.

लेखकाचा प्रसंग याच टप्प्यावरचा आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका ग्रामीण रुग्णालयात, ऐन पावसाळ्यात, पस्तिशीचा एक बागायतदार आणला गेला. रात्रभर अ‍ॅट्रोपिन देऊन सकाळी तो शुद्धीवर आला. व्हरांड्यातून जाता जाता मी त्याच्या धाकट्या भावाला म्हटले, "सुधारतो आहे, काळजी नको." तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाळंतपणाच्या खोलीत अडकलेलो असताना परिचारिकेने निरोप पाठविला की, त्याला मान उचलता येत नाही. आमच्याकडे श्वसनयंत्र नव्हते. हाताने फुगा दाबून श्वास देण्याची व्यवस्था करून मी रुग्णवाहिका मागविली आणि भावाला कळविण्यासाठी वॉर्डबॉयला धाडले. तो बिचारा म्हणाला, "तुमचा पेशंट सिरियस आहे, न्यायचा आहे." रुग्णवाहिका येण्यापूर्वीच रोगी गेला. भावाने प्रथम वॉर्डबॉयच्या श्रीमुखात दिली, मग औषधांच्या कपाटाच्या काचा फोडल्या. मी आलो तेव्हा लाकडी स्टूल माझ्या कपाळावर बसले. पाच टाके पडले.

त्या मुलाचे कृत्य मी आजही समर्थनीय मानीत नाही. वॉर्डबॉयचा तर काडीचाही दोष नव्हता. परंतु 'सुधारतो आहे, काळजी नको' हे शब्द माझे होते, आणि पुढे दोन-तीन दिवस धोका आहे हे मला ठाऊक असूनही मी ते उच्चारले होते. वाईट वार्ता देण्याचे माझे काम मी दुसऱ्याच्या गळ्यात घातले, हीही माझीच चूक. त्यानंतर महिन्याभरात तसाच आणखी एक रोगी आला. त्याला पहिली इंजेक्शने देऊन मी तातडीने जिल्हा रुग्णालयात पाठविले. त्याला खरोखर तशी गरज होती की मला भीती वाटली, याचे प्रामाणिक उत्तर मला आजवर देता आलेले नाही. मारहाणीची किंमत एका डॉक्टरच्या कपाळावर संपत नाही, ती अशी पुढल्या रोग्याकडे जाते. अवघड रोगी हाती घेण्यापेक्षा पुढे पाठविणे बरे, असे एकदा का लहान रुग्णालयांना वाटू लागले की, खेड्यातील माणसाच्या उपचाराचा पहिला मोलाचा तास रस्त्यावर जातो. दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर, कारवार अशा सीमेपलीकडील तालुक्यांतून बांबोळीपर्यंत येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांना तो रस्ता किती लांब वाटतो, हे त्यांनाच विचारावे.

असेच आणखी काही प्रसंग गैरसमजास जागा देतात. हृदय बंद पडल्यावर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब द्यावा लागतो. त्यात कधी बरगडीही मोडते. दाराच्या फटीतून पाहणाऱ्याला डॉक्टर मेलेल्या माणसाला कुटतो आहे असे वाटल्यास नवल नाही. सर्पदंशावरील प्रतिविषाची काही रोग्यांना तीव्र प्रतिक्रिया येते, तेव्हा 'इंजेक्शन दिले आणि गेला' असे वाक्य तयार होते. पण ते न देणे त्याहून घातक असते. अपघात विभागात रोगी क्रमाने न पाहता गांभीर्याने पाहिले जातात. म्हणून हात मोडून तासभर कण्हत बसलेल्या माणसासमोरून मागाहून आलेला, वरवर शांत दिसणारा रोगी आधी आत नेला जातो. तो शांत असतो, कारण त्याच्यात कण्हण्याचेही त्राण नसते. हे सांगणारी पाटी फार थोड्या रुग्णालयांच्या दारावर दिसते. लावावयास खर्च तो किती?

कधी अंतर डॉक्टर आणि नातेवाईक यांच्यामधील नसतेच, ते व्यवस्थेतील उणिवेचे असते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेला रोगी आणण्यात आला. मेंदूचा शल्यविशारद तेथे उपलब्ध नव्हता. तेव्हा रोग्याला अन्यत्र न्यावे लागेल, असे अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरने सांगितले. जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. विशेषज्ञ नेमणे त्या तरुणाच्या हाती नव्हते. जे त्याच्याकडे नव्हते ते नाही असे त्याने सांगितले, एवढाच त्याचा अपराध. त्यानंतर महाराष्ट्रभर निवासी डॉक्टर सामुदायिक रजेवर गेले, शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या, मुंबई उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. रिक्त पद भरणे ज्यांच्या हाती असते ते अपघात विभागात रात्री उभे नसतात, तेथे जो उभा असतो त्यालाच ते पद रिक्त असल्याची शिक्षा मिळते. अधिकारी वाचकांनी या वाक्याचा राग मानू नये.

कायदा काय सांगतो

वैद्यकीय सेवेतील व्यक्ती व संस्था यांच्यावरील हिंसेस प्रतिबंध करणारे स्वतंत्र कायदे बहुतेक राज्यांनी केले आहेत. आंध्र प्रदेश व मध्य प्रदेश येथे ते २००८ साली, कर्नाटकात २००९ साली, महाराष्ट्रात २०१० साली, गुजरातेत २०१२ साली व गोव्यात २०१३ साली आले. महाराष्ट्राचा कायदा नमुन्यादाखल पाहू. त्यात डॉक्टर, परिचारिका, वैद्यकीय विद्यार्थी, अन्य कर्मचारी अशा सर्वांचा समावेश आहे. हिंसेचे कृत्य हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. मोडतोड केल्यास मालमत्तेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. याच कायद्यात एक दुसरे कलमही आहे आणि ते फारसे कोणाला माहीत नसते. वैद्यकीय हयगयीने ज्याचे नुकसान झाले त्याचे गाऱ्हाणे ऐकून त्याला योग्य मंचाकडे जाण्यास साह्य व सल्ला देणारे प्राधिकरण शासनाने स्थापावे, असे ते सांगते. एका हाताने मारणाऱ्याला आवरावे आणि दुसऱ्या हाताने दुखावलेल्याला वाट दाखवावी, अशी ही मूळ योजना होती. पहिल्या हाताची चर्चा होते, दुसऱ्याची होत नाही.

सरकारी रुग्णालयातील डॉक्टर हा लोकसेवकही असतो. त्याला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हल्ला करणे किंवा इजा करणे, हे १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १३२ व १२१ या कलमांखाली येते. गंभीर इजा असल्यास शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. साथरोग अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीने साथीच्या काळातील हल्ल्यास तीन महिने ते पाच वर्षे व गंभीर इजेस सहा महिने ते सात वर्षे कारावास ठरविला आहे. तपास तीस दिवसांत पुरा व्हावा, असेही त्यात आहे. संपूर्ण देशासाठी स्वतंत्र कायदा करण्याचा मसुदा केंद्राने २०१९ साली प्रसिद्ध केला होता; त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

कलमे अशी पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात तक्रार डॉक्टर स्वतः करतो, त्याची बदली होते, गावाशी वैर नको म्हणून साक्षीदार गप्प राहतात आणि प्रकरण थंड होते. माझेही तसेच झाले. गावातील वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून ते मिटविले. म्हणून फिर्याद संस्थेनेच दिली पाहिजे. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारी रुग्णालयांना तसा आदेश दिला. घटनेपासून सहा तासांच्या आत प्रथम खबर नोंदविण्याची जबाबदारी त्यात संस्थाप्रमुखावर टाकण्यात आली आहे. या आदेशाला पार्श्वभूमी होती ती कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी झालेल्या पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या स्त्री डॉक्टरच्या बलात्कार व हत्येची. तो गुन्हा रोग्याच्या नातेवाइकांच्या संतापाचा नव्हता आणि त्याची गल्लत या विषयाशी करू नये. सलग रात्रपाळीत स्त्री कर्मचाऱ्याला विसाव्यासाठी सुरक्षित खोली नसणे, हा त्यातील प्रश्न वेगळा आणि तितकाच निकडीचा आहे. त्यापूर्वी १० मे २०२३ रोजी केरळातील कोट्टारक्करा येथे पोलिसांनीच उपचारासाठी आणलेल्या माणसाने एका तरुण स्त्री डॉक्टरचा बळी घेतला होता. पोलिसांच्या ताब्यातील किंवा त्यांनी आणलेल्या व्यक्तीची तपासणी चालू असताना पोलिसाने तिच्यापासून किती अंतरावर असावे, हे ठाण्यांनी ठरवून घ्यावयास हवे.

कोणी काय करावे

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पहिल्याच भेटीत धोका किती दिवसांचा आहे ते सांगावे आणि त्याची दोन ओळींची नोंद केसपेपरवर करून त्याखाली नातेवाइकाची सही घ्यावी. प्रकृती पालटली की वेळ कितीही अडचणीची असो, दर तासाला कोणीतरी जाणत्याने एक वाक्य तरी सांगावे. मृत्यूची वार्ता उपस्थितांतील सर्वांत अनुभवी डॉक्टरने स्वतः, व्हरांड्यात नव्हे तर खोलीत, दोन-तीन जवळच्या आप्तांना बसवून सांगावी. 'प्रयत्न चालू आहेत' असे म्हणत वेळ काढू नये. 'ते वारले' असे स्पष्ट म्हणावे आणि मग काही वेळ काहीच बोलू नये. त्या स्तब्धतेत पळून जावेसे वाटते. पळू नये. मात्र खोलीला दुसरे दार असावे आणि आपली खुर्ची त्या बाजूला असावी, एवढे व्यवहारज्ञान ठेवण्यास हरकत नाही.

व्यवस्था पाहणाऱ्यांनी रोग्यासोबत दोनच माणसे आत सोडण्याची पद्धत ठेवावी व ती पुढाऱ्याच्या माणसांनाही लावावी. पोलीस ठाण्याशी थेट संपर्काची सोय रात्रपाळीच्या टेबलावर असली पाहिजे. अधीक्षकांच्या बंद कार्यालयात तिचा उपयोग नाही.

गावाकडून रोगी नेताना गाडीभर माणसे सोबत जातात. आपुलकीपोटी जातात, पण प्रत्येकजण वेगळ्या डॉक्टरला वेगळा प्रश्न विचारतो आणि पाच उत्तरांतून सहावी अफवा निघते. शिक्षक, पंच किंवा घरातील शांत स्वभावाचा एखादा माणूस यांपैकी एकालाच बोलण्याचे काम द्यावे. त्याने वहीत वेळ व सांगितलेली गोष्ट लिहून ठेवावी. विषबाधा असेल तर बाटली किंवा डबा बरोबर न्यावा. साप मारून नेण्याची आवश्यकता नाही, त्यात वेळ जातो आणि दुसराही दंश होऊ शकतो. रोगी मद्यपी असेल, आधीचे एखादे औषध चालू असेल, तर ते लपवू नये. शाळेत वरच्या वर्गांना छाती दाबण्याची क्रिया प्रत्यक्ष दाखविली, तर एखाद्याचा जीव वाचेल आणि दाराच्या फटीतून पाहणाऱ्यांपैकी निदान एकाला तरी आत काय चालले आहे ते कळेल.

एवढे करूनही खरोखर हयगय झाली, असे कोणाला वाटले तर? तसे होतही असते, आणि ते नाकारून डॉक्टरांवरील विश्वास वाढत नाही. राज्य वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला; सर्वांनाच मोफत सेवा देणारी रुग्णालये त्यातून वगळली आहेत. गुन्हा नोंदवावयाचा असल्यास २००५ च्या जेकब मॅथ्यू प्रकरणातील निर्णयानुसार पोलिसांनी प्रथम त्या विषयातील निःपक्षपाती, शक्यतो सरकारी डॉक्टरचे मत घ्यावयाचे असते. या सर्व वाटांवर लागणारी शिदोरी एकच, ती म्हणजे उपचारांची कागदपत्रे. फोडलेल्या टेबलाच्या खणात तीच असतात, हे रागाच्या भरात कोणाच्या ध्यानी येत नाही. २००२ च्या वैद्यक आचारसंहिता विनियमांनुसार रोग्याने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ही कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्जासाठी छापील नमुना लागत नाही. साध्या कागदावर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे रोग्याचे नाव, केसपेपरचा क्रमांक, दाखल केल्याची व घरी सोडल्याची किंवा मृत्यूची तारीख, अर्जदाराचे नाते आणि हव्या असलेल्या कागदांची यादी लिहावी. रोग्याच्या पश्चात अर्ज असेल तर नात्याचा पुरावा जोडावा. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर तारीख व वेळ घालून पोच घ्यावी. ७२ तास त्या वेळेपासून मोजले जातात.